दसऱ्याला झाकलेलं दार

पाहुण्यांच्या आधी पाटी आली. दसऱ्याला चार दिवस होते. बीडहून आलेल्या टेम्पोवाल्याने ती ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली, माझी सही घेतली आणि तो गेला. मी वाचनालय उघडायला निघाले होते. तशीच थांबून सुतळी सोडली, प्लास्टिक काढलं. जाड सागवानी फळी, त्यावर पांढरा रंग आणि निळी अक्षरं. वर मराठी, खाली इंग्रजी. मराठीत लिहिलं होतं: ‘बीड जिल्ह्यातील शेवटचा ज्यू या घरात राहत होता.’

मी ते दोनदा वाचलं. वाचणं हेच माझं काम आहे, तीस वर्षं मी नेकनूरच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. माझं वय चोपन्न. ज्याच्याबद्दल ती पाटी होती त्याची मी मुलगी. त्याच घरात वाढले, त्याच घराच्या दारात उभी होते आणि सकाळी दीड भाकरी खाऊन निघाले होते. मी पाटी फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि कामाला गेले.

हे लिहायला मला फार वेळ लागतो आहे. बाबा गेले त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. रोज अर्धं पान होतं, कधी तेही होत नाही. पण त्या दसऱ्याला काय झालं ते मला माझ्या शब्दांत लिहून ठेवायचं आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते पाटीएवढंच लिहितील.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. बाबा घाण्याच्या बैलाऐवजी बैलांच्या पोटात शिरले, असं आई म्हणायची. ते सरकारी गुरांचे डॉक्टर होते. बदलीवर नेकनूरला आले ते इथलेच झाले. निवृत्त झाले तेव्हा आमचे नातेवाईक ठाण्यात नाही तर थेट परदेशात पोचलेले होते. सगळ्यांनी बोलावलं. बाबा म्हणाले, “इथल्या जनावरांना काय होतं ते मला बघून कळतं. तिकडं जाऊन मी कुणाला बघू?”

आमचा एक सण आहे, दारफाळणीचा सण. वर्षभरातल्या चुकांची माफी मागायचा दिवस. पांढरे कपडे घालायचे, कडक उपास करायचा, दार झाकून घरातच राहायचं आणि बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. सूर्य मावळून आकाशात तीन तारे दिसले की उपास सुटतो आणि दार उघडतं. चंद्राच्या हिशेबाने हा दिवस पुष्कळदा दसऱ्यालाच येतो. कधी एक-दोन दिवस मागेपुढे होतो. आणि अधिक महिन्याच्या वर्षी बहुतेक वेळा महिनाभर आधीच येऊन जातो.

बाबा इथे आले त्या पहिल्या वर्षी तो नेमका दसऱ्याला आला होता. गावाला नवीन डॉक्टरचं दार दिवसभर बंद दिसलं. दुपारी एक मेंढपाळ आजारी बकरं घेऊन आला. बाबांनी बकऱ्यापुरता नियम मोडून बंद दारातूनच औषध सांगितलं, बंद का तेही सांगितलं, आणि तारे मोजायचंही सांगितलं. त्या माणसाने बकऱ्याला औषध दिलं, पण तो घरी गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. आत बसलेल्या माणसाला तारे कसे दिसणार, हा त्याचा प्रश्न होता. अंधार पडू लागला तसं त्याने बाहेरून मोठ्याने मोजलं, “येक. दोन. तीन झाले साब, उघडा.” तेवढ्यात शिलंगणाहून माणसं आपट्याची पानं घेऊन परत येत होती. बाबांनी दार उघडलं आणि त्यांच्या हातात पहिलं सोनं पडलं ते त्या मेंढपाळाचं.

त्याला मी जन्मापासून मामा म्हणते. पंधराएक एकर माळ, साठ-सत्तर मेंढरं, आणि आकाशाची अशी ओळख की घड्याळ विकत घ्यायची त्याला कधी गरज पडली नाही.

पुढच्या एका वर्षी अधिक महिना आला. बाबांनी आपला उपास महिनाभर आधीच उरकला. दसऱ्याच्या सकाळी ते उघड्या दारात दाढी करत बसले होते. मामा आले आणि पायरीशी थबकले. त्यांचं तोंड असं झालं की आईला वाटलं, मेंढरं दगावली.

“साब, दार कावून उघडं?”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अर्धी दाढी तशीच ठेवून आत गेले आणि दार लावून घेतलं. आईने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, “आपला उपास झाला. हा गावाचा.”

त्यानंतर पन्नास वर्षांत बाबांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. ज्या वर्षी दोन दिवस जुळत नसत, त्या वर्षी आमचं दार दोनदा लागे. पहिल्यांदा खरा उपास. दुसऱ्यांदा आम्ही आत चहा प्यायचो, फक्त कपबशीचा आवाज करायचा नाही आणि काही तळायचं नाही, कारण वास बाहेर जातो. दसऱ्याला गाव हत्यारं-अवजारं पुजतं. म्हणून बाबा सकाळीच आपली कातडी बॅग ओट्यावर ठेवत. दार बंद, बाहेर बॅग. लोक येऊन तिला झेंडू वाहत आणि काही न बोलता जात. गावात दसऱ्याला कुणी ‘डाक्टरसाबाकडं जाऊन येतो’ म्हटलं तर तो बंद दाराला भेटून येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबा थंडीत गेले. आमच्यात प्रेताला आंघोळ घालण्याची एक रीत आहे. पुरुषाला पुरुषांनीच घालायची, कोणतं पाणी आधी, कोणतं नंतर, काय म्हणायचं, सगळं ठरलेलं असतं. ते करणारे आमच्यातले चार पुरुष ठाण्याहून यायला रात्र झाली असती, आणि आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. मी परसदाराच्या आडून बाबांच्या वहीतून एकेक ओळ वाचली आणि आत मामा आणि आणखी तिघांनी तसं केलं. एकदा मामा थांबून म्हणाले, “हळू वाच, माय. घाई कशाला.” बाबांना आईच्या शेजारी ठेवलं, मामांच्याच माळाच्या बांधाला. त्यानंतर रीतीप्रमाणे सात दिवस मी खाली जमिनीवर बसले आणि गावातल्या बायका मला जेवण आणून देत राहिल्या. कुणी मला काही विचारलं नाही.

विचारणारे नंतर आले.

ते चैत्रात आले. मुंबईचे निवृत्त राजदूत. पाच-सहा देशांत राहिलेले, आमच्याच समाजातले, त्यांच्या आजोबांचाही कोकणात घाणा होता. नोकरी संपल्यावर त्यांनी एक संस्था काढली होती. जगभरातून येणाऱ्या ज्यू लोकांना ते इथली प्रार्थनाघरं, कबरी, जुनी घरं दाखवत. नफा घ्यायचा नाही, उरेल त्यातून पडकी दफनभूमी दुरुस्त करायची. आतापर्यंत कोकण झालं होतं, आता त्यांना मराठवाड्याची वाट आखायची होती. पंच्याहत्तरीचे, पांढऱ्या नीट कातरलेल्या मिशीचे, बोलणं मऊ. खुर्ची पुढे केली तर आधी मला बसायला सांगितलं. मला ते आवडले, हे इथे लिहायलाच हवं.

त्यांनी बाबांचं सगळं पाहिलं. प्रार्थनेचं पुस्तक, मलिद्याचं पितळी ताट, औषधांची बॅग. बॅग उघडली तेव्हा तिला अजून फिनाइलचा वास होता.

“हे सगळं काचेत ठेवायला हवं, ताई,” ते म्हणाले. “घर आमची संस्था दुरुस्त करेल. तुम्ही ठाण्याला या. तिथे समाजाची माणसं आहेत, प्रार्थनाघर आहे. इथे एकट्या काय करणार?”

“वाचनालय उघडते,” मी म्हटलं. “सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ.”

ते हसले. “मी आज उत्तर मागत नाही. शांतपणे विचार करा.” आणि संमतीपत्राचा कागद टेबलावर ठेवून गेले.

मी शांतपणे विचार केला, म्हणजे गप्प राहिले. बाबा गेल्यापासून मला लवकर बोलता येत नव्हतं. आषाढात त्यांचा फोन आला, श्रावणात पत्र आलं, मी दोन्ही वेळा ‘बघते’ म्हटलं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या मौनाचे अर्थ लावण्यात घालवला, त्याने माझ्या मौनाचा अर्थ होकार असा लावला. पुढचं पत्र आलं त्यात पहिला गट येण्याचा दिवस होता, दसरा. मी आमचं कॅलेंडर पाहिलं. यंदा अधिक महिना होता, आमचा सण महिनाभर आधीच येणार होता. दसरा म्हणजे आमच्या दृष्टीने साधा दिवस. मी ‘या’ असं कळवलं. गाव काय समजतं ते माझ्या डोक्यातही आलं नाही. दुःखाने माणूस हळवा होतो म्हणतात, मी तर मठ्ठ झाले होते.

खरा सण आला तेव्हा मी एकटीने पांढरं नेसून दार लावलं. गावात कुणाला सांगितलं नाही, खऱ्या दिवसाचं बाबाही कधी सांगत नसत. दिवस निभला. संध्याकाळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तारे मोजायला बाहेर कुणी नाही. फटीतून मला समोरच्या घराचा पत्रा आणि एक विजेची तार दिसत होती. मी बसून राहिले. शेजारी टीव्हीवरची मालिका सुरू झाली, संपली, दुसरी सुरू झाली. दार उघडलं तेव्हा आकाश ताऱ्यांनी भरून गेलं होतं. त्या दिवशी मी टेबलावरचा संमतीपत्राचा कागद उचलला, पेनाचं टोपण काढलं. माझं नाव लिहायच्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग टोपण लावलं. नाही म्हणायचं बळ नव्हतं, पण हो म्हणायचंही आलं नाही.

मग पाटी आली. ‘शेवटचा’ वाचून मी त्यांना फोन केला.

“साहेब, पाटीवर शेवटचा लिहिलंय.”

“हो. थोडं कठोर वाटतं, कल्पना आहे. पण ताई, लोक त्या शब्दासाठी येतात. इतकी घरं असतात, कुणी का थांबावं?”

“मी आहे ना अजून.”

“तुम्ही आहातच. पण आता तुम्ही ठाण्याला येणार ना?”

फोन ठेवल्यावर मला तीन उत्तरं सुचली.

दसऱ्याच्या सकाळी मी दार उघडं टाकून पाहुण्यांसाठी मलिदा करत होते. हा आमचा प्रसाद. कोकणात तो पोहे, गूळ आणि ओल्या नारळाचा करतात. आई इथे आली तेव्हा तिला ओला नारळ मिळेना, म्हणून आमचा मलिदा ज्वारीच्या लाह्यांचा, सुक्या खोबऱ्याचा आणि वर बालाघाटातल्या सीताफळाचा. राजदूतांनी पत्रातून खऱ्या मलिद्याचं साहित्य कळवलं होतं. मी आईचाच करत होते. एवढा एक हट्ट मी त्या दिवसापर्यंत शिल्लक ठेवला होता.

सातच्या सुमारास दारात सावली पडली. मामा. धुतलेलं धोतर, नवा पटका, मुठीत झेंडू.

“बॅग कुठंय?”

“कसली बॅग, मामा?”

“डाक्टरसाबाची. फूल वाहाया आलो तर वट्यावर बॅगच न्हाई. आन् दार सताड उघडं. कावून?”

“आज पाहुणे येणार आहेत. परदेशातले. घर बघायला.”

“आज?”

“आज.”

“आज तुमचं दार झाकलेलं असतंय.”

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. मामा, आमचा सण महिन्यापूर्वीच झाला. मामा, तुम्ही पन्नास वर्षं ज्याची राखण केलीत त्यातल्या कितीतरी दसऱ्यांना आम्ही आत चहा पीत होतो. हे त्या पटक्याकडे बघून सांगता येत नाही. मी दुसरंच बोलले.

“बाबा गेले, मामा.”

“ते मला सांगतीस व्हय? ह्या हातानं घातलाय त्येला मातीत. डाक्टरसाब गेलं. पर तू हाईस का न्हाईस?”

सहा-सात महिने राजदूत आणि मी, दोघं शिकलेली माणसं, ज्या गोष्टीभोवती फिरत होतो ती या माणसाने पायरीवर उभं राहून विचारली. उत्तर एकच होतं आणि ते बोलायची गरज नव्हती. मी आतून बॅग आणली, फडक्याने पुसली, ओट्यावर ठेवली. मामांनी तिला फूल वाहिलं. मी आत गेले आणि दार लावलं. आतली कडी घातली.

अकराला गाड्या आल्या. मी दारामागे पाटावर बसले होते. फटीतून थोडं दिसत होतं: उन्हाच्या टोप्या, पाण्याच्या बाटल्या, दहा-बारा वयस्कर माणसं. ओट्यावर बॅगेशेजारी मामा आणि त्यांच्या वयाचे आणखी दोघं.

“नमस्कार,” राजदूतांचा आवाज. “ताई आहेत ना घरात?”

“हायत की,” मामा म्हणाले.

“दार बंद दिसतंय.”

“झाकलंय.”

“मी हाक मारतो त्यांना.”

“न्हाई मारायची.”

“आम्ही फार लांबून आलोय हो. त्यांनीच बोलावलंय.”

“बोलावलं आसंल. आज त्येंचा दार झाकायचा सण हाय. बोलत न्हाईत आज. आन् तुमी त्येंच्यातलेच ना? पोरगी म्हनत हुती, मुंबईचे सायेब आमच्यातलेच हायत म्हून.”

“आहे. त्यांच्यातलाच आहे.”

“मंग तुमाला उपास न्हाई?”

मग मामांचा एक सोबती म्हणाला, “उपास कसला. मिशीला च्या लागलाय सायबाच्या.”

तिघं म्हातारे खदखदून हसले. मलाही आत तोंडावर पदर धरावा लागला. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते असं, अंधारात, एकटीच.

राजदूत पायऱ्या चढून दाराशी आले. मामा उठायला लागले असावेत, कारण ते म्हणाले, “ठोठावत नाही. फक्त उभा राहतो.” फटीतून मला त्यांच्या शर्टाचं बटण दिसत होतं. ते अगदी खालच्या आवाजात बोलले, मामांना ऐकू जाणार नाही असं. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

“ताई. आपला सण मागच्या महिन्यात झाला. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग हे काय आहे?”

“हा गावाचा. बाबा दोन्ही पाळायचे.”

“यांना कुणी सांगितलंच नाही कधी?”

“नाही. तुम्हीही सांगायचं नाही.”

त्यांनी श्वास सोडला. “ही माणसं तीन विमानं बदलून आलीत. तुमच्या वडिलांसाठीच.”

“पाटीवरच्या माणसासाठी आलीत. साहेब, त्यावर लिहिलंय शेवटचा राहत होता. मग आतून तुमच्याशी आत्ता कोण बोलतंय?”

मी जन्मात कुणाशी असं बोलले नव्हते. बंद दाराचा हा उपयोग मला चोपन्नाव्या वर्षी कळला. ते मग वळले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चूक माझी झाली, मामा. प्रवासात मी दिवसच विसरलो.”

“व्हतंय,” मामा म्हणाले. “वय झालं की व्हतंय. सांजच्याला या. तीन तारे निघाले की उघडतंय.”

राजदूतांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की या घरात आज एक जुनी प्रथा पाळतात आणि आपण ती मोडणार नाही. एका बाईंनी विचारलं, पण तो दिवस तर होऊन गेला ना? ते म्हणाले, इथे तो असाच येतो. मग गाड्या कपिलधारच्या धबधब्याकडे गेल्या.

दुपारी मी बाबांसारखीच गुपचूप भाकरी आणि चटणी खाल्ली. भाकरी मोडताना आवाज होत नाही.

संध्याकाळी शिलंगणाहून माणसं परतू लागली. हलगी ऐकू आली, मग लहानमोठ्यांची पावलं ओट्यापुढे जमली. गाड्याही परत आल्या, मला वाटलं होतं येणार नाहीत. दिवस मावळला. बाहेर मामा आणि राजदूत शेजारी शेजारी बसलेले होते, हे आवाजावरून कळत होतं.

“सायेब, तुमी लई मुलूख फिरला. तारे तिकडं हेच का येगळे?”

“बरेचसे हेच. खालच्या बाजूच्या देशांत थोडे वेगळे.”

“मंग तिकडच्या लोकानला तीन मोजाया जमतंय का?”

“जमतं. पण बाहेरून हाक मारायला कुणी नसतं. घड्याळ बघतात.”

“घड्याळ,” मामा म्हणाले, आणि त्यावर त्यांना आणखी काही बोलावंसं वाटलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा आवाज चढला. “येक.” माणसं गप्प झाली. “दोन.” तिसऱ्याला फार वेळ लागला. महिन्यापूर्वी मी याच पाटावर बसून मालिकांचे आवाज ऐकले होते, ते मला आठवलं, आणि मी भिंतीला हात टेकला. “तीन झाले. उघड, माय.”

मी उघडलं. इतकी वर्षं पहिलं सोनं बाबांच्या हातात पडायचं. मामांनी ते माझ्या हातात ठेवलं. “सोनं घे, सोन्यावानी ऱ्हा.” मग गावाने दिलं, मग राजदूतांनी, मग ते टोपीवाले पाहुणे एकेक पान घेऊन आले. काय म्हणायचं ते मामांनी त्यांना शिकवून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते फार वाईट उच्चारांत म्हटलं. मी सगळ्यांना लाह्यांचा मलिदा दिला. कुणी तक्रार केली नाही. राजदूतांनी दोनदा घेतला.

मामांची नजर भिंतीशी गेली. “ही फळी कशाची? उलटी कावून ठिवली?” त्यांनी ती फिरवली. “काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, जशी वाचनालयात पोरांना वाचून दाखवते तशी.

मामांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मंग आज दार कुणी झाकलं? ह्या फळीनं?”

राजदूत हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

आमच्या उपासाच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणतात, त्या दिवशी एकमेकांकडे जायचं असतं. पाहुणे पुढच्या मुक्कामी गेले होते, राजदूत एकटेच मागे राहिले आणि सकाळी आले. मी चहा केला. आज कपबशी वाजली तरी चालत होती.

“शब्द काढून टाकू,” ते म्हणाले. “नवी पाटी करू. तुमचं नाव घालू.”

“पाटी नको, साहेब. ठाणंही नको. तुमच्या गाड्या यायच्या असतील तर येऊ देत, मी असेन तर दार उघडेन. बॅग काचेत जाणार नाही. दसऱ्याला ती ओट्यावर लागते.”

“आणि तुमच्यानंतर?” त्यांनी हे दुष्टपणे विचारलं नाही. त्यांच्या कामाचाच तो प्रश्न होता.

“माझ्यानंतरचं मी कशाला आत्ता लिहून देऊ? माझं अजून चाललंय.”

त्यांनी मान हलवली. सहमती होती की नाही मला माहीत नाही, आणि या वेळी अर्थ लावायच्या भानगडीत मी पडले नाही. निघताना मात्र त्यांनी खिशातून डायरी काढली. “पुढच्या वर्षी हे दोन दिवस जुळतात का ते मी बघून कळवतो. जुळत नसतील तर दोन्हींच्या मधे येणार नाही.”

“जुळत नसतील तर गावात बोलायचं नाही.”

“ताई, मी आयुष्यभर दुसरं केलं काय?” ते म्हणाले, आणि मिशी पुसत गाडीत बसले.

संमतीपत्राचा कागद जाड आणि कोरा आहे, मागच्या बाजूला. या लेखाचं पहिलं पान मी त्यावरच लिहिलं.

पाटी महिनाभर ओट्यावर पडून होती. मग मामा एका सकाळी आले. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि कोकरांच्या कुडाला वारा लागत होता.

“फळी लई चांगली हाय, माय. सागवान हाय. नेऊ का?”

“न्या.”

मी मागोमाग माळावर गेले, बाबांच्या बाजूचं गवत काढायचं होतं. परतताना कुडापाशी थांबले. मामा खिळे तोंडात धरून फळी बसवत होते. त्यांनी मान वळवून विचारलं, “अक्षरं आत करू का भाईर?”

“आत करा,” मी म्हटलं. “कोकरं अंग घासतील.”

त्यांनी चार खिळे ठोकले. आठ वाजत आले होते. मी वाचनालय उघडायला गेले.